हाकेला ओ देणारे यंत्र: गुहागरच्या एका घरातील चौदा महिने

गुहागरच्या खालचा पाट या वस्तीतील एका घरात सप्टेंबर २०२३मध्ये, गणपतीच्या आदल्या दिवशी, आवाजावर चालणारे दोन स्मार्ट स्पीकर बसवले गेले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांतला एक काढून ठेवण्यात आला. घर माझ्या काकूंचे. स्पीकर विकत घेतले त्यांच्या मुलाने, जो पुण्यात नोकरी करतो, आणि बसवले मी, कारण चिपळूणला माझा वीजजोडणीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय आहे. गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणारी मुंबई-पुण्याची मंडळी दुकानात येऊन “आईबाबांसाठी असा स्पीकर घ्यावा का” असे विचारतात, तेव्हा पूर्वी मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होत असे. या प्रकरणानंतर ते जमेनासे झाले, म्हणून ते सविस्तर लिहून काढत आहे. स्पीकर कोणत्या कंपनीचे होते हे मुद्दाम सांगितलेले नाही; दुसऱ्या कंपनीचे असते तरी बहुतेक गोष्टी अशाच घडल्या असत्या.

काकूंचे वय त्या वेळी शहात्तर होते. काका सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून पुण्याला चल म्हणणारा मुलगा आणि आगर सोडून कुठे जाऊ म्हणणारी आई असा वाद दर सुट्टीत एकदा होतो आणि अनिर्णित राहतो. घर गुहागरच्या रीतीचे आहे: रस्त्याच्या बाजूला अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, पडवीपलीकडे विहीर, नारळ-पोफळींचे आगर आणि शेवटी सुरूचे बन व समुद्र. सकाळी दोन तास कामाला एक बाई येतात. बाकीचा दिवस काकू एकट्या असतात, म्हणजे पुण्याहून पाहणाऱ्याला त्या एकट्या दिसतात. प्रत्यक्षात दिवसभरात चार-पाच जण तरी मागच्या दारी हाक मारून जातात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

मुलाच्या मनात तीन हेतू होते. आईला हात न लावता फोन करता यावा, औषधांची आठवण व्हावी, आणि संध्याकाळी गाणी ऐकून तिला करमावे. स्पीकरबरोबर त्याने दोन स्मार्ट दिवेही आणले होते आणि विहिरीवरचा पंपसुद्धा तोंडी हुकमावर चालावा अशी त्याची इच्छा होती. ती मी पहिल्याच दिवशी मोडून काढली. बाजारात सर्रास मिळणारे छोटे स्मार्ट प्लग सहा अँपिअरचे असतात, आणि एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते. शिवाय विहिरीत पाणी किती आहे हे न पाहता पंप लावणे म्हणजे मोटर जळण्याची वाट पाहणेच होय.

भाषा

आवाजावर चालणाऱ्या स्पीकरचे काम दोन टप्प्यांत होते. हाक मारायचा ठरावीक शब्द कानावर पडतो का, एवढेच घरातले यंत्र स्वतः ओळखते. तो शब्द ऐकू आला की पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडे जाते, तिथे त्याचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येते. घरात असतात ते फक्त कान आणि तोंड. अमेझॉनने असा स्पीकर २०१४मध्ये अमेरिकेत आणि ऑक्टोबर २०१७मध्ये भारतात आणला. गूगलचा एप्रिल २०१८मध्ये आला. अमेझॉनच्या स्पीकरमधून बोलणाऱ्या अलेक्सा या सहायकाला हिंदी येऊ लागली ती सप्टेंबर २०१९मध्ये. मराठीची तऱ्हा मात्र विचित्र आहे: गूगलचा सहायक मोबाइल फोनवर २०१८पासून मराठी समजतो, जून २०२४मध्ये भारतात आलेल्या गूगलच्याच जेमिनीच्या अ‍ॅपलाही मराठी येते, पण काकूंच्या घरातल्या स्पीकरसमोर पर्याय होते ते इंग्रजी आणि हिंदी.

काकूंना हिंदी समजते, पण बोलायची सवय नाही. पहिल्या संध्याकाळी घरात वीसेक माणसे असताना नातवाने त्यांना स्पीकरसमोर बसवले आणि त्यांनी हाक मारून स्वच्छ मराठीत सांगितले, “दिवा लाव.” स्पीकर म्हणाला, “माफ़ कीजिए, मुझे यह समझ नहीं आया.” काकूंनी तेच वाक्य अधिक मोठ्याने सांगितले, जसे आपण बहिऱ्या माणसाला सांगतो. पुन्हा माफी मागण्यात आली. “आजी, हिंदीत सांग ना,” असे नातू म्हणाला, तेव्हा काकूंचे उत्तर होते, “माझ्या घरात, माझ्या दिव्याला मी हिंदीत सांगू?” सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य वाटला होता.

पुढच्या आठवड्यात अडचणींचे खरे स्वरूप दिसू लागले. अख्खे वाक्य हिंदीत जुळवणे काकूंना फारसे कठीण जात नसे. अडखळत ते आकड्यांवर. घाईच्या वेळी माणूस आपल्या भाषेत मोजतो. कुकर लावून पंचवीस मिनिटांचा गजर हवा असताना “पच्चीस” हा शब्द तोंडी येईपर्यंत यंत्र ऐकणे थांबवून गप्प होई. “उद्या” आणि “परवा” त्याला कळत नसत. गाणे मागितले तर नाव हिंदी कानाने ऐकले जाई आणि काकूंना हव्या त्या जुन्या भजनाऐवजी ढोलकीवर बसवलेली त्याची नवी नक्कल सुरू होई. शेवटी मी एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत आठ हिंदी वाक्ये लिहून तो स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी टांगला. पहिले वाक्य “पाँच मिनट का टाइमर लगाओ” असे होते आणि शेवटचे “बंद करो”. त्या पुठ्ठ्याने जेवढे काम केले तेवढे साडेचार हजारांच्या स्पीकरच्या माहितीपुस्तिकेने केले नाही.

घरी कोणाला स्पीकर द्यायचा असेल तर दुकानात उभे राहून त्याचा आवाज किती भारदस्त आहे हे पाहण्याआधी, ज्याला तो वापरायचा आहे त्याला घाईत, चिडून किंवा झोपेतून उठून कोणती भाषा सुचते हे पाहावे, असे मी आता गिऱ्हाइकांना सांगतो. तरुण मुले हिंदी-इंग्रजीत सहज बोलतात आणि आपल्याला जमले म्हणजे आईलाही जमेल असे धरून चालतात.

चिऱ्याच्या भिंती आणि वीज

इंटरनेटची तार खांबावरून ओटीच्या खिडकीत येते, त्यामुळे राउटर ओटीवर. ओटीवरचा स्पीकर उत्तम चाले. स्वयंपाकघरातला सारखा तुटे. मधे जांभ्या चिऱ्याच्या दोन जुन्या भिंती आहेत, दीड फूट जाडीच्या, दोन्ही अंगांनी गिलावा केलेल्या. फ्लॅटच्या चार-सहा इंची भिंतींचा अनुभव इथे कामाचा नाही. राउटरच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, म्हणून स्पीकर तिच्यावर जोडले, तरीही माजघरात लहरी पुढे ढकलणारे यंत्र लावावेच लागले. चिरा सच्छिद्र असतो. जून-जुलैत तो ओल धरतो आणि ओली भिंत लहरी आणखी शोषून घेते. उन्हाळ्यात एका जागी नीट चाललेले ते यंत्र पावसाळ्यात माजघराच्या चौकटीजवळ, भिंतीच्या आडोशातून बाहेर, आणावे लागले.

विजेचा मुद्दा मी आधीच सांगायला हवा होता आणि सांगितला नाही, ही चूक माझी. या स्पीकरांना बॅटरी नाही. वीज गेली की ते बंद. मुलाने राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला होता, तो तीन-चार तास राउटर चालवतो, आणि त्यामुळे वीज गेली तरी सोय चालू राहील अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात राउटर जिवंत आणि स्पीकर मेलेला अशी अवस्था होई. इन्व्हर्टर बसवायला काकूंनी नकार दिला. बॅटरीत पाणी कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

किनाऱ्यावर हा मुद्दा किरकोळ नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ जमिनीवर आले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरात तर मी स्वतः दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतो. वीज नव्हती, मोबाइल लागत नव्हता, आणि समोरच्या गच्चीवरच्या माणसाशी आम्ही ओरडून बोलत होतो. संकटाच्या वेळी मदत मागता यावी म्हणून जे यंत्र घ्यायचे, ते नेमके त्या वेळी बंद असण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. त्यात हेही लक्षात घ्यावे की काकूंच्या स्पीकरवरून ११२ किंवा १०८ लागत नाही. त्याची हाक इंटरनेटवरून मुलाच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपवर जाते आणि त्याचा मोबाइल बैठकीत मुका करून ठेवलेला असेल तर तिथेच थांबते. हे कळल्यावर मी बटणांचा साधा मोबाइल काकूंच्या उशाशी ठेवला आणि त्यात शेजारचे दोन क्रमांक एकेका बटणावर लावून दिले.

स्मार्ट दिव्यांची कथा छोटी आहे. एक दिवा माजघरात, एक पडवीत. ते तोंडी हुकमाने चालावेत म्हणून भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते, आणि झोपताना बटण बंद करणे हा काकूंचा साठ वर्षांचा शिरस्ता. तेवढ्यावर भागले असते. पण जुलै २०२४मध्ये एका रात्री वीज गेली आणि पावणेतीनला परत आली, तेव्हा त्या दिवशी बटण चालू राहिलेले दोन्ही दिवे आपोआप पूर्ण प्रकाशात पेटले, कारण वीज परत आली की पेटायचे अशीच त्यांची मूळ रचना होती. माजघर लख्ख झालेले पाहून काकूंना वाटले, कोणीतरी घरात शिरले. त्या तासभर अंथरुणावर कोयती जवळ घेऊन बसून होत्या. दुसऱ्या दिवशी मी दिवे काढून साधे एलईडी लावले आणि माजघर ते मोरी या वाटेवर माणूस हलला की लागणारा अडीचशे रुपयांचा छोटा दिवा बसवला. त्याला इंटरनेट लागत नाही आणि हिंदीही लागत नाही.

डोळ्याचे औषध

इथवर वाचून स्पीकर निरुपयोगी ठरला असे वाटेल. डिसेंबरअखेरपर्यंत माझेही मत तेच होते.

जानेवारी २०२४मध्ये काकूंच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर थेंब घालायचे वेळापत्रक ज्याने सांभाळले आहे त्याला ते वेगळे सांगायला नको. एक औषध पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, पुढच्या आठवड्यात पाच वेळा, असे उतरत जाणारे; दुसरे दिवसातून तीन वेळा; दोन्ही एकाच वेळी आली तर मधे पाच मिनिटे थांबायचे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. मोबाइलचा पडदा दिसत नाही, घड्याळ अंधुक दिसते, आणि एक डोळा मिटलेला. दर आठवड्याला बदलणाऱ्या वेळा मुलाने पुण्यात बसून अ‍ॅपमधून लावल्या. ठरलेल्या वेळी दोन्ही स्पीकर बोलत.

एका दुपारी मी तिथे होतो. काकू माजघरातल्या पलंगावर उताण्या पडल्या होत्या. पहिला थेंब पडला, त्यांनी डोळा मिटला, कोपऱ्यातले पाणी कापसाने टिपले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड न वळवता हाक मारून म्हणाल्या, “पाँच मिनट का टाइमर लगाओ.” मग हात पोटावर ठेवून पडून राहिल्या. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होते, त्याचा आवाज येत होता. टाइमर वाजला, “बंद करो,” त्या म्हणाल्या, उशाशी हाताने चाचपून दुसरी बाटली घेतली. तिच्या झाकणाला त्यांनी ओळखण्यासाठी दोरा बांधला होता. पुठ्ठ्यावरचे पहिले आणि शेवटचे वाक्य एवढीच हिंदी त्या पाच मिनिटांत वापरली गेली, आणि तेवढी पुरली.

सहा आठवड्यांत त्यांचे दोन थेंब चुकले, दोन्ही वेळा त्या आगरात होत्या म्हणून. यात या यंत्राची एक मर्यादा दिसते: ते आठवणीचे वाक्य दोनदा बोलते आणि थांबते, कोणी ऐकले की नाही हे त्याला माहीत नसते. तरीही शेजारच्या एखाद्या बाईला दिवसातून सहा वेळा बोलावणे, किंवा मुलाने सहा आठवडे रजा घेणे, या दोन पर्यायांच्या तुलनेत हे फार मोठे काम होते. हात गुंतलेले किंवा तेलकट, डोळे मिटलेले, आणि काम मिनिटांचे: अशा वेळी स्पीकरइतके चांगले साधन मला तरी माहीत नाही. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या स्पीकरबद्दल काकूंचे मत बदलले. कुकर, पापड वाळत घातलेले, विरजण, सगळ्याला टाइमर लागू लागला.

यादी

मार्चमध्ये मुलगा शिमग्याला आला. पालखी घरी येऊन गेल्यावर दुपारी, थेंबांच्या जुन्या आठवणी काढून टाकण्यासाठी त्याने अ‍ॅप उघडले, तेव्हा त्याला एक यादी दिसली जी त्याने आजवर पाहिली नव्हती. स्पीकरला सांगितलेले प्रत्येक वाक्य, तारीख आणि वेळेसह, लिहून ठेवलेले. त्यावर बोट ठेवले की आईचा आवाजही ऐकू येत होता. रात्री एक पन्नास, “कितने बजे हैं?” रात्री तीन दहा, “कितने बजे हैं?” चार पंचवीस, पुन्हा तेच. फेब्रुवारीच्या जवळजवळ प्रत्येक रात्री असेच होते. फोनवर “झोप कशी लागते?” याला रोज “छान” असे उत्तर मिळत असे.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने आईला विचारले. काकूंना आधी कळेचना की त्याला हे कोणी सांगितले. कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग एवढेच म्हणाल्या, “मी त्याला विचारलं होतं, तुला नव्हे.”

या वाक्यापुढे कोणाकडेच उत्तर नव्हते. पण यादीमुळे एक गोष्ट उघडकीला आली, तीही इथे नोंदवलीच पाहिजे. काकूंना रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत. त्यांतली एक लघवी जास्त करणारी, जी डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली होती. चिठ्ठीवर तिच्यापुढे १-०-० असे स्पष्ट लिहिले होते. मुलाने सप्टेंबरमध्ये आठवणी लावताना दोन्ही गोळ्यांची वेळ रात्री आठची ठेवली होती, कारण आठ वाजता तो फोन करतो आणि गोळी घेतली का हे विचारता येते. त्याआधी काकू चुकतमाकत का होईना, ती सकाळी घेत होत्या. स्पीकरने रोज रात्री आठला न चुकता सांगितले आणि काकूंनी न चुकता ऐकले. परिणामी सहा महिने त्या रात्रीतून तीन वेळा उठत होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून गोळी परत सकाळवर नेली आणि पंधरा दिवसांत झोप सुधारली. यंत्राने चूक केली नव्हती. माणसाची चूक त्याने कमालीच्या नियमितपणाने पार पाडली होती. आणि ती चूक सापडली तीही त्याच यंत्राच्या नोंदींतून. ही नोंद कोणत्या बाजूला मांडायची हे मला अजून ठरवता आलेले नाही.

अशा नोंदींचा प्रश्न एका घरापुरता नाही. अलेक्साला लोकांनी सांगितलेल्या बोलण्यातले काही नमुने अमेझॉनचे कर्मचारी, यंत्र सुधारण्यासाठी म्हणून, ऐकतात ही बातमी एप्रिल २०१९मध्ये बाहेर आली. मुलांच्या आवाजाच्या नोंदी नियमांविरुद्ध साठवून ठेवल्याच्या तक्रारीवरून मे २०२३मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आपल्याकडे वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला. कंपनीने संमती घेणे, मागितल्यास नोंदी पुसणे हे त्यात आहे. पण कोणी व्यक्ती घरगुती कारणासाठी दुसऱ्याची माहिती हाताळत असेल तर त्याला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे आईची यादी मुलाने वाचावी की नाही, हे कोणतेही कलम सांगणार नाही. ते त्या दोघांनाच ठरवावे लागते, आणि खाते मुलाच्या नावावर असल्यामुळे ठरवण्याची वेळ येईपर्यंत ते आपोआप मुलाच्या बाजूने ठरलेले असते.

रातांब्यांची दुपार

याच मुद्द्याचे दुसरे टोक मे महिन्यात समोर आले. या स्पीकरमध्ये थेट आत येण्याची एक सोय असते: परवानगी दिलेला माणूस आपल्या मोबाइलवरून स्पीकरला जोडला गेला की पलीकडच्याने फोन उचलावा लागत नाही, एक छोटी घंटी होते, हिरवा प्रकाश फिरतो आणि खोलीतले ऐकू येऊ लागते. आई पडली आणि तिला बोलता आले नाही तर, या भीतीने मुलाने ती चालू ठेवली होती. भीती खोटी नव्हती. ही सोय चालू असल्याचे काकूंना सांगायचे मात्र राहून गेले होते, आणि बसवताना मलाही ते विचारावेसे वाटले नव्हते.

मागच्या पडवीत काकू आणि शेजारच्या दोघी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल, समोर परातीत साली, आणि त्यांतल्या एकीच्या घरी चाललेल्या वाटणीच्या भांडणाची गोष्ट रंगात आलेली. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या स्पीकरची घंटी कोणाच्या लक्षात आली नाही. मग तिथून मुलाचा आवाज आला, “आई, ठीक आहेस ना? दोनदा फोन केला, उचलला नाहीस.” त्याने किती ऐकले हे त्यालाच माहीत, तो म्हणतो, काहीच नाही. ज्यांच्या घरची गोष्ट चालली होती त्या वहिनी हात धुऊन उठल्या आणि त्यानंतर चार दिवस मागच्या दारी आल्या नाहीत.

काकूंनी त्या संध्याकाळी स्पीकरवर वेताची टोपली पालथी घातली. टोपलीने माइक बंद होत नाही, त्यासाठी वरचे बटण दाबून लाल प्रकाश आणावा लागतो, हे मी सांगितले, तरी चार दिवस टोपली तशीच राहिली. मला आता वाटते, ती यंत्रासाठी नव्हतीच, त्या वहिनींना दिसावी म्हणून होती.

पुण्याहून मुलाला दिसणारी एकटी आई आणि गुहागरात चार-पाच जणांच्या जाण्यायेण्यावर उभा असलेला तिचा दिवस, यांत स्पीकर पहिल्या चित्रासाठी घेतला गेला होता. त्याने दुसऱ्यालाच धक्का लावला असता, आणि काकूंना काही झाले तर पहिली पोहोचणारी माणसे त्याच मागच्या दारची. म्हणून मी आणि मुलाने बसून बदल केले. थेट आत येण्याची परवानगी बंद. साधा फोन स्पीकरवर वाजेल, काकू हवे तर घेतील. आवाजाच्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जाव्यात असे लावले. यादी कशी दिसते हे काकूंना मोबाइलवर दाखवले, आपलेच बोलणे लिहिलेले पाहून त्यांना आधी गंमत वाटली, मग त्यांनी विचारले, “आणि हे तुझ्याशिवाय कोण कोण बघतं?” कोणतीही नवी आठवण लावताना डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन आईशी बोलून लावायची, हेही ठरले.

खर्च

पहिल्या वर्षाचा हिशेब माझ्या वहीत आहे. दोन स्पीकर ८,९९८ रुपये, लहरी पुढे ढकलणारे यंत्र १,७९९, राउटरचा यूपीएस १,४५०, दोन स्मार्ट दिवे १,२९८, आणि ब्रॉडबँड करासह महिना ५८९ प्रमाणे वर्षाचे ७,०६८. एकूण २०,६१३ रुपये, त्यात स्पीकरचा वाटा निम्म्याहूनही कमी. घरात आधीपासून ब्रॉडबँड असेल तर गणित बदलते. काकूंकडे ते फक्त यासाठी आले. विजेचा खर्च नगण्य आहे: दोन्ही स्पीकर मिळून सतत पाचेक वॅट धरले तरी वर्षाला ४४ युनिटच्या आसपास.

केवळ गाण्यांसाठी विचाराल तर हा सौदा महागातला आहे. आकाशवाणीच्या वाहिन्या २०१९पासून अशा स्पीकरवर ऐकता येतात हे खरे, पण काकू रत्नागिरी केंद्र अजून ट्रान्झिस्टरवरच ऐकतात, कारण तो आगरात नेता येतो. आत गाणी भरूनच येणारे, बटण फिरवले की वाजणारे आणि बॅटरीवर चालणारे कारवाँसारखे यंत्र २०१७पासून बाजारात आहे, त्याची मराठी आवृत्तीही आहे. वय झालेल्या, फक्त गाणी ऐकायची असलेल्या माणसासाठी मी तेच सुचवतो. आणि मराठीत प्रश्न विचारायचे असतील तर घरातला साधा स्मार्टफोन या स्पीकरपेक्षा जास्त शहाणा आहे.

सप्टेंबर २०२४च्या गणपतीत आरतीला स्पीकर लावून पाहावा असे एका पाहुण्याने सुचवले. झांजा वाजू लागल्यावर त्याचे काही ऐकू येईना, आणि तो बंद करायलाही कोणाचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचेना, म्हणून शेवटी पिन उपटली.

दिवाळीनंतर काकूंनी स्वतःहून निर्णय सांगितला. स्वयंपाकघरातला राहू द्यावा, ओटीवरचा न्यावा. ओटीवर माणसे येतात, त्यांना बोलताना त्याच्याकडे बघावे लागते. मुलाने तो पुण्याला नेला. त्याच्या जागी, बरोबर वरच्या खुंटीवर, काकांच्या वेळचे टोल्यांचे घड्याळ परत आले आहे. काका गेल्यापासून ते बंद होते. काकूंच्या सांगण्यावरून मी ते चिपळूणला नेऊन सातशे रुपयांत दुरुस्त करून आणले, आणि रात्री माजघरात अंथरुणावरून त्याचे टोले ऐकू येतात. त्याला आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागते. ती काकू रविवारी सकाळी स्टुलावर चढून स्वतः देतात. मुलाला हे अजून माहीत नाही.